चित्रपट तयार आहे, दाखवायचा कुणी?

१९७६ साली मुंबईतली एक संस्था आणि तमिळनाडू सरकार यांनी मिळून एक चित्रपट काढला. संस्था म्हणजे नरिमन पॉइंटचं एनसीपीए. दिग्दर्शक सत्यजित राय. विषय, मद्रासच्या थोर नर्तकी टी. बालसरस्वती. चित्रपटाचं नाव 'बाला', लांबी जेमतेम तेहतीस मिनिटं. निवेदन राय यांच्याच आवाजात आहे आणि संगीतही त्यांचंच. १९३५ साली कलकत्त्यात, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी बालसरस्वतींना पहिल्यांदा नाचताना पाहिलं होतं. त्यानंतर चित्रपट व्हायला चाळीस वर्षं लागली.

या चित्रपटातलं एक नृत्य समुद्रकिनाऱ्यावर आहे. मागे लाटा फुटताहेत, वारा भन्नाट सुटला आहे, आणि अठ्ठावन्न वर्षांची ही बाई व्यासतीर्थांच्या कन्नड पदावर बाळकृष्णाला हाका मारते आहे. नृत्याच्या जाणकारांना हा वारा खटकतो. अभिनय पाहायचा तर भोवताल शांत हवा, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहेच. तरीही मला हा प्रसंग मोलाचा वाटतो, कारण वारा सगळं उधळून लावत असताना तिचे डोळे त्या न दिसणाऱ्या पोरावरून क्षणभरही हलत नाहीत. शेवटचं नृत्य रागमालिकेतल्या पदवर्णमवर आहे. तेव्हा पायात जे चाळ आहेत, ते सातव्या वर्षी पहिल्यांदा लोकांसमोर नाचताना बांधलेलेच, एक्कावन्न वर्षांपूर्वीचे. बालसरस्वती १९८४ साली गेल्या. त्यांच्या नृत्याचं चालतं चित्र फार थोडं उरलं आहे. त्यातलं सर्वांत नीट घेतलेलं हे.

मराठी माणसाचं या चित्रपटाशी नातं एनसीपीएच्या पैशापुरतं नाही. आज भरतनाट्यमची मैफल ज्या क्रमाने उभी राहते, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत, तो क्रम तंजावरच्या चार भावांनी बांधला: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. ते दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी होते. बालसरस्वतींचं घराणंही तंजावर दरबाराशी जोडलेलं. त्यांच्या पूर्वज पापम्माळ अठराव्या शतकात तिथे गात आणि नाचत असत. म्हणजे भोसल्यांच्या दरबारात वाढलेली कला, तिची मद्रासमधली अखेरची मोठी वारसदार, मुंबईच्या संस्थेचा पैसा आणि भारतातला सर्वांत मोठा दिग्दर्शक. इतकं सगळं एकत्र आलं. आणि मराठी घरांत 'बाला' पाहिलेली माणसं किती भेटतात? ज्याला पाहायचा आहे त्याने इंटरनेटवर कुणीतरी चढवलेली धूसर प्रत शोधायची, एवढाच मार्ग उरतो.

संस्कृती आणि समाज या विषयांवरच्या माहितीपटांची गोष्ट निघाली की ठरलेल्या तक्रारी पुढे येतात. पैसा मिळत नाही, सेन्सॉर छळतो, लोकांना असलं काही नको असतं. यातली प्रत्येक तक्रार थोडी खरी आहे. पण चेन्नईत बनलेल्या, चेन्नईच्या माणसांनी बनवलेल्या चित्रपटांकडे पाहताना माझी खात्री होत गेली आहे की मूळ दुखणं दुसरं आहे. आपल्याकडे चित्रपट बनतात. उत्तम बनतात. ते दाखवायचे कुणी, कुठे, कोणत्या भाषेत, आणि जपायचे कुणी, हे मात्र कुणाचंच काम नाही. खरं तर ते सार्वजनिक दूरचित्रवाणीचं काम आहे, कायद्याने सांगितलेलं काम आहे, आणि ते होत नाही याबद्दल आपण पुरेसा आवाज करत नाही.

मद्रासचं सर्वांत जुनं आणि सर्वांत दुःखद उदाहरण घेऊ. ए. के. चेट्टियार हे चेट्टिनाडचे, तमिळमधले नावाजलेले प्रवासलेखक. छायाचित्रण ते टोकियोत आणि न्यूयॉर्कमध्ये शिकले. २ ऑक्टोबर १९३७ या दिवशी न्यूयॉर्कहून डब्लिनला निघालेल्या जहाजावर या पंचविशीतल्या तरुणाच्या मनात आलं की गांधीजींवर एक चित्रपट करावा. तोवर तीसेक वर्षांत जगभरच्या शंभरावर कॅमेरामननी गांधीजींना टिपलं होतं. चेट्टियारांनी त्यांचा माग काढला. सुमारे लाखभर मैलांचा प्रवास केला, पन्नास हजार फूट फिल्म गोळा केली, तीतून बारा हजार फुटांचा चित्रपट उभा केला आणि १९४० साली तो मद्रासमध्ये तमिळ निवेदनासह लावला. गांधीजी हयात होते, देशात इंग्रजांचं राज्य होतं, युद्ध सुरू होतं. हे काम एका माणसाने, सरकारी मदत नसताना, परदेशांतल्या कंपन्यांचे उंबरे झिजवून केलं. भारतीय माहितीपटाच्या इतिहासात याला तोड नाही, असं मी विचारपूर्वक लिहितो आहे.

मूळ तमिळ चित्रपटाची प्रत आज हाती नाही. १९५३ साली हॉलिवूडमध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली होती. तीसुद्धा इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी चिकाटीने शोध घेतल्यामुळे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात सापडली. चेट्टियार १९८३ पर्यंत जगले. स्वातंत्र्यानंतर छत्तीस वर्षं हा माणूस मद्रासमध्ये 'कुमरि मलर' हे मासिक चालवत होता, आणि त्याच्या त्या चित्रपटाची एक धड प्रत सांभाळावी, दरवर्षी २ ऑक्टोबरला ती लोकांना दाखवावी, असं कुणालाही वाटलं नाही. चित्रपटाच्या बाबतीत दाखवणं आणि टिकणं यांचं नातं अगदी रोकडं आहे. जो चित्रपट लागत राहतो त्याच्या नव्या प्रती निघतात, त्याची निगेटिव्ह कुठे आहे हे कुणाला तरी ठाऊक असतं, फाटलेली रिळं बदलली जातात. जो लागत नाही तो डब्यात बसतो, मद्रासच्या दमट हवेत चिकटतो आणि एक दिवस भंगारात जातो. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, म्हणून जे वाचलं ते वाचलं. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' हा नायरांवरचा माहितीपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना रिळांचे डबे शोधत गावोगाव फिरणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

फिल्म्स डिव्हिजनबद्दल मी इथे थोडं चांगलं बोलणार आहे, आणि ते अनेकांना आवडणार नाही. १९४८ साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचे लघुपट थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवणं सक्तीचं होतं. धरणं, खतं, कुटुंबनियोजन, मंत्र्यांचे दौरे. लोक कंटाळायचे, बाहेर विडी ओढत उभे राहायचे आणि मुख्य चित्रपट सुरू होताना आत यायचे. प्रचारपट या शब्दाला जी कळा आली, तिचं श्रेय बऱ्याच अंशी या सक्तीला जातं. पण त्याच व्यवस्थेत दोन गोष्टी होत्या ज्या नंतर कधीच जमल्या नाहीत. एक म्हणजे चित्रपट बनला की तो दिसणारच, याची हमी. दुसरी, आणि मला जास्त महत्त्वाची वाटणारी, ही की त्याच चित्रपटाचं निवेदन अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित होत असे. मद्रासकडचं एखादं देऊळ, एखादी नृत्यशैली, एखादं कोळ्यांचं गाव नांदेडच्या थिएटरात मराठी आवाजात दिसू शकत होतं. सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री, प्रमोद पती यांच्यासारख्यांनी याच सरकारी चौकटीत राहून धाडसी कामही केलं. सक्ती गेली याचं दुःख नाही. सक्तीबरोबर ती भाषांची सोय गेली, याचं आहे.

दूरदर्शन आल्यावर ही उणीव भरून निघायला हवी होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, मद्रासचं १५ ऑगस्ट १९७५ ला, आणीबाणीत. मद्रासमध्ये माहितीपटाची परंपरा तोवर चांगली रुजली होती. एस. कृष्णस्वामी यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 'त्यागभूमी'चे दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम यांचे हे चिरंजीव. १९६३ साली एरिक बार्नो यांच्यासोबत भारतीय चित्रपटांचा इतिहास लिहून त्यांनी पुढच्या सगळ्या अभ्यासकांची वाट सोपी केली, आणि १९७० साली सिंधू संस्कृतीपासून इंदिरा गांधींपर्यंतचा प्रदीर्घ माहितीपट पुरा केला. पुढे आग्नेय आशियातल्या भारतीय खुणांवर 'इंडियन इम्प्रिंट्स' ही मालिका त्यांनी दूरदर्शनसाठी केली. कंबोडियातली, इंडोनेशियातली देवळं चेन्नईच्या एका छोट्या कंपनीने टीव्हीवर आणली. या मालिकेचं नाव महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे?

लोक असलं बघत नाहीत, हा युक्तिवाद इथे येतोच. मला तो मान्य नाही. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांची 'सुरभि' आठवा. लोककला, हस्तकला, जुने वाडे, विस्मरणात गेलेले कारागीर, हेच तर विषय होते. प्रेक्षकांच्या पत्रांचा असा लोंढा आला की टपालखात्याला स्पर्धांसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढावं लागलं. ती पत्रं पाठवणारी माणसं म्हणजे महानगरांतला निवडक वर्ग नव्हे. खेड्यापाड्यांतली, तालुक्यांची माणसं होती. ठरलेला वार, ठरलेली वेळ, कळेल अशी भाषा आणि आपल्याशी बोलणारी निवेदिका मिळाली की प्रेक्षक येतो. मध्यरात्री, जाहीर न करता, तीन महिन्यांत एकदा एखादा माहितीपट टाकायचा आणि मग म्हणायचं की बघणारे नाहीत, हा प्रेक्षकांवर अन्याय आहे.

१४ एप्रिल १९९३ ला चेन्नईत सन टीव्ही सुरू झाला आणि खासगी वाहिन्यांचं युग आलं. त्यांनी माहितीपटाला जागा दिली नाही, यात नवल नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीकडून ती अपेक्षाही मी करत नाही. पण दूरदर्शनने त्यांच्यामागे धावण्याचं कारण काय होतं? १९९० चा प्रसार भारती कायदा, जो १९९७ मध्ये अमलात आला, त्याच्या बाराव्या कलमात लिहिलं आहे की देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसं स्थान देणं हे या संस्थेचं कर्तव्य आहे. त्याआधी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं होतं. मालमत्ता आपली, पैसा आपला, कायदाही आपल्या बाजूचा. २००० साली स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने प्रसार भारतीच्या साहाय्याने शेकडो माहितीपट करून घेतले आणि दूरदर्शनवर दाखवले. असं जमू शकतं, हे त्या उपक्रमाने सिद्ध केलं आहे.

आता मी त्या चित्रपटाकडे येतो ज्यामुळे हा विषय मराठी वाचकापुढे मांडावासा वाटला. आर. व्ही. रमणी हे चेन्नईत राहणारे माहितीपटकार. मुंबई विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायालेखन शिकले, मग चेन्नईत स्थिरावले. स्वतःचा कॅमेरा स्वतःच चालवतात. त्सुनामीत गमावलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी २०११ साली 'माय कॅमेरा अँड त्सुनामी' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. यंत्राबद्दल इतक्या मायेने कुणी बोललेलं मी दुसरीकडे ऐकलं नाही. पण माझा विषय त्यांचा २००३ चा 'नी एंगे'. नावाचा अर्थ 'तू कुठे आहेस'. दक्षिणेतल्या चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांच्या शोधात रमणी तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र असे फिरले.

या खेळाची रीत पाहण्यासारखी असते. बकऱ्याचं कातडं खरवडून खरवडून इतकं पातळ करायचं की दिव्याचा उजेड आरपार जावा. त्यावर आकृती काढायची, रंग भरायचे आणि मग टोच्याने बारीक बारीक भोकं पाडायची. पडद्यामागे दिवा लागला की त्या भोकांतून येणारा उजेड म्हणजे रावणाच्या अंगावरचे दागिने. तमिळनाडूच्या खेळात पडद्यामागे मुख्य माणूस एकच. राम तोच, मंदोदरी तोच, हनुमान तोच, लोकांना हसवणारा टक्कलवालाही तोच. बाहुली नाचवणारे हात त्याचे आणि आवाजही त्याचा. पेटीवर, मृदंगावर घरचीच माणसं. रामायण रात्रीमागून रात्री चालतं.

तमिळनाडूत हा खेळ करणाऱ्यांना मंडिकर म्हणतात. आडनाव राव. खेळ तमिळमध्ये करतात आणि घरात एकमेकांशी मराठीची एक बोली बोलतात. तंजावरच्या मराठ्यांबरोबर आपले पूर्वज इकडे आले, असं त्यांची परंपरा सांगते. कर्नाटकातले किळ्ळेक्यात आणि आंध्रातले तोलुबोम्मलाटवाले यांच्या घरांतही अशीच मराठी बोली आहे. आंध्रातल्या निम्मलकुंट्याचे दळवाई चलपती राव यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना मिळाली. पिंगुळीचे ठाकरही चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करतात. कुडाळपासून कन्याकुमारीपर्यंत बाहुल्यांच्या पडद्यामागे मराठी बोलणारी माणसं बसलेली आहेत, आणि ती आपल्या नकाशात नाहीत.

तंजावरचं नाव काढलं की मराठी माणूस काय सांगतो? बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख, सरस्वती महालातल्या पोथ्या, शहाजीराजांची नाटकं. सगळं राजांचं मराठी. १८५५ मध्ये ते राज्य संपलं. त्यानंतर राजाश्रय नाही, शाळा नाही, छापलेलं पुस्तक नाही, अशा परिस्थितीत फिरस्त्या गरीब कुटुंबांनी घरातल्या घरात दीडशे वर्षांहून अधिक काळ जी भाषा जिवंत ठेवली तिच्याबद्दल आपल्याला काही ठाऊक नसतं. शिलालेख वाचायला आपण तंजावरला सहली नेतो. ही माणसं कॅमेऱ्यात टिपणारा चित्रपट चेन्नईत राहणाऱ्या, मुंबई-पुण्यात शिकलेल्या माणसाने केला आणि तो मराठी दूरचित्रवाणीवर मराठी सबटायटलांसह दाखवावा, हे आपल्या कुठल्याही सांस्कृतिक खात्याला सुचलेलं मला माहीत नाही. अभिजात दर्जासाठी आपण वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २०२४ मध्ये तो मिळाला, आनंद आहे. भाषेचं वय सिद्ध करायला आपण जेवढी शक्ती लावली तिच्या एक आणा भागात भाषेची दूरची माणसं पडद्यावर पाहता आली असती.

कुणी म्हणेल, न दाखवण्याची कारणं अनेकदा केवळ आळसाची नसतात. खरं आहे. चेन्नईला त्याचाही जुना अनुभव आहे. १९३९ च्या 'त्यागभूमी'वर ब्रिटिश सरकारने बंदी घातली तेव्हा निर्मात्यांनी हुकूम प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत गेइटी थिएटरात फुकट खेळ लावले, आणि पोलिसांनी थिएटरात घुसून लाठ्या चालवल्या. स्वातंत्र्यानंतरचं प्रकरण जास्त बोधक आहे. १९८७ चा 'ओरे ओरु ग्रामत्तिले' हा तमिळ चित्रपट. आरक्षण जातीऐवजी आर्थिक स्थितीवर द्यावं, असं सुचवणारा. मला हे म्हणणं मुळीच पटत नाही. जात काय करते हे ज्याने पाहिलं आहे त्याला ते पटूही नये. चित्रपटाला यू प्रमाणपत्र मिळालं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मद्रास उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केलं. राज्य सरकारचं म्हणणं होतं की चित्रपट लागला तर दंगे होतील. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि सांगितलं की चिडलेला जमाव आवरता येणार नाही, अशी सबब राज्याला सांगता येत नाही. जमाव आवरणं हेच राज्याचं काम आहे. ज्या चित्रपटाशी मी भांडेन त्याच्यामुळे हा हक्क मिळाला, आणि म्हणूनच तो मला भक्कम वाटतो.

आता त्याच राज्यातलं २०१७ साल. दिव्या भारती या मदुराईच्या तरुण कार्यकर्तीने 'कक्कूस' हा माहितीपट केला. हाताने मैला साफ करणं १९९३ च्या आणि २०१३ च्या कायद्यांनी बंद झालं आहे, असं कागद सांगतो. दिव्या भारती तमिळनाडूच्या जिल्ह्याजिल्ह्यांत कॅमेरा घेऊन गेल्या आणि ते बंद झालेलं नाही हे दाखवलं. काम करणारे स्वतः बोलतात. मैला, उघडे हात, गटारात उतरलेला माणूस, कॅमेरा कशावरूनच नजर काढून घेत नाही, त्यामुळे पाहणाऱ्यालाही घेता येत नाही. अनेक ठिकाणी पोलिसांनी खेळ होऊ दिले नाहीत. कारण तेच, कायदा आणि सुव्यवस्था. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने याच राज्याच्या बाबतीत जी सबब फेटाळली होती, ती शब्द बदलून परत आली. दिव्या भारतींनी चित्रपट यूट्यूबवर टाकला. मग धमक्या आल्या, गुन्हा दाखल झाला, आणि विद्यार्थिदशेतल्या एका जुन्या आंदोलनाच्या प्रकरणात त्यांना अटकही झाली.

याच मदुराईत अमुदन आर. पी. यांनी २००३ मध्ये 'पी' हा छोटा माहितीपट केला होता. एक सफाई कामगार बाई, एक गल्ली, तिचं रोजचं काम, एवढाच विषय. अमुदन पुढे 'मरुपक्कम' या गटातर्फे मदुराईत आणि चेन्नईत माहितीपटांचे महोत्सव भरवत राहिले. आपल्याकडे अतुल पेठे यांनी पुण्यातल्या सफाई कामगारांवर 'कचराकोंडी' केला. हे तीन चित्रपट एकाच संध्याकाळी, एकाच सभागृहात, पुण्याच्या आणि चेन्नईच्या सफाई कामगारांसमोर दाखवता आले असते. तमिळ कामगाराला मराठी कळलं नसतं तरी चित्र कळलं असतं, आणि दोन्ही शहरांच्या महापालिकांना एकच प्रश्न विचारता आला असता. भाषांच्या भिंती ठेकेदारांना अडवत नाहीत. गटारसफाईची कंत्राटं देण्याची पद्धत मदुराईत आणि पुण्यात सारखीच आहे.

मग यूट्यूब आहे ना, असं म्हटलं जातं. 'कक्कूस' लोकांपर्यंत पोचला तो त्याच मार्गाने, हे मी नाकारत नाही, आणि तो मार्ग नसता तर काय झालं असतं या विचाराने अस्वस्थ होतो. पण त्या मार्गावर माणूस एकटाच पाहतो, एकटाच हळहळतो आणि खाली लगेच दुसरं काहीतरी सरकत येतं. आपल्या आवडीचंच पुढे येत राहतं, त्यामुळे ज्याने हे पाहायला हवं त्या महापालिकेच्या अभियंत्यापुढे ते कधी येत नाही. चेन्नईत अशा चित्रपटांचे खेळ कॉलेजच्या वर्गात, परदेशी सांस्कृतिक केंद्रांच्या छोट्या सभागृहांत, कामगार संघटनेच्या कचेरीत होतात. खेळ संपल्यावर खुर्च्या वळवून लोक बोलायला बसतात, दिग्दर्शकाला धारेवर धरतात. तिथे जे घडतं ते मोबाइलच्या पडद्यावर घडत नाही. आणि दूरदर्शनवर लागलेल्या चित्रपटाला एक अधिकृतपणा येतो. सरकारच्या वाहिनीवर दिसलेली गोष्ट घडलीच नाही असं सरकारला म्हणता येत नाही. म्हणूनच आनंद पटवर्धन दूरदर्शनशी वर्षानुवर्षं कोर्टात लढले. 'फादर, सन अँड होली वॉर' दाखवावा लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं, चित्रपट तयार होऊन दशक उलटल्यावर. प्रत्येक चित्रपटाला पटवर्धनांसारखा हटून बसणारा माणूस मिळत नाही.

एक गोष्ट मला फार बोचते. तमिळ चित्रपट आपल्या घरात येत नाहीत असं नाही. हिंदीत डब केलेले मारधाडीचे दाक्षिणात्य चित्रपट दिवसरात्र टीव्हीवर चालू असतात. त्यांच्या डबिंगला पैसे आहेत, वेळ आहे, प्रेक्षकही आहे. म्हणजे तमिळ माणूस आपल्याला दिसतो तो कोयता घेऊन धावणारा किंवा गाड्या उडवणारा. तोच तमिळ माणूस बाहुल्यांना आवाज देताना, मृदंग चढवताना, गटारातून वर येताना, किंवा जगभर हिंडून गांधीजींची रिळं जमवताना आपल्याला कुणी दाखवत नाही. तमिळ प्रेक्षकालाही मराठी समाज असाच दिसतो. रमाबाई नगरच्या गोळीबारापासून सुरू होणारा पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' किंवा सुमित्रा भावे यांचा 'बाई' तमिळ सबटायटलांसह त्याच्या टीव्हीवर लागलेला नसतो.

त्यामुळे माझी मागणी अगदी व्यवहारातली आहे. सह्याद्री आणि डीडी तमिळ या दोन्ही वाहिन्या एकाच प्रसार भारतीच्या आहेत. दोघींनी आठवड्यातला एक तास एकमेकींसाठी राखून ठेवावा, वार आणि वेळ न बदलता. सबटायटलांचं काम दोन्ही शहरांतल्या भाषांतरकारांना रीतसर मोबदला देऊन करून घ्यावं. तासाभराच्या चित्रपटाला लागणारा हा खर्च मालिकेच्या एका भागापेक्षा कितीतरी कमी आहे. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झाली. तिच्या संग्रहातल्या मराठी निवेदनांची यादी करून ती आधी बाहेर काढावीत, म्हणजे पुन्हा ध्वनिमुद्रण करायलाच नको. प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे ॲप २०२४ पासून आहे. दाखवलेला प्रत्येक चित्रपट नंतर तिथे कायम राहावा. खासगी निर्मात्यांना प्रक्षेपणाचे योग्य पैसे मिळावेत, कारण यातली बहुतेक माणसं कर्ज काढून काम करतात.

सह्याद्रीवरचे पहिले चार रविवार मी आत्ताच सुचवतो. पहिला 'बाला', एनसीपीए आणि तमिळनाडू सरकार यांच्याकडून चांगली प्रत मिळवून. दुसरा 'नी एंगे', आणि त्यानंतर पिंगुळीच्या कलावंतांशी अर्धा तास गप्पा. तिसरा, चेट्टियारांच्या चित्रपटाचं जे काही उरलं आहे ते, वेंकटाचलपतींच्या निवेदनासह. चौथा 'कक्कूस'. त्याच्या प्रमाणपत्राचा प्रश्न निघेल, कुणीतरी तक्रार करेल, पोलीस अहवाल देतील की वातावरण बिघडू शकतं. तेव्हा केंद्राच्या संचालकांनी १९८९ चा आणि २००६ चा, असे दोन्ही निकाल टेबलावर ठेवावेत आणि ठरलेल्या वेळी चित्रपट लावावा.